कोरडा हापसा

आमच्या घरापासून भाजी मंडीपर्यंतचा रस्ता तसा लांब नाही. पण गुडघे गेलेल्या बाईला तो लांबच. मध्यावर एक कडुलिंब आहे, त्याला दगडी पार आहे आणि पाराला खेटून एक हापसा. हापशाला पाणी नाही. आम्ही जयपूरच्या दुर्गापुऱ्यात राहायला आलो तेव्हा होतं, मग खाली खाली गेलं आणि एका उन्हाळ्यात नुसती हवाच यायला लागली. दांडा कुणीतरी भंगारात विकला. राहिला तो लोखंडी खांब, कमरेइतका.

माझी बायको मंडीला जाताना आणि येताना त्या पारावर बसायची. बसण्याचं तिला काही नव्हतं. म्हणायची, "बसाय काय, मी कुटंबी बसंन. उठायचं कसं ते सांगा." उठताना ती उजवा हात हापशावर टेकायची, एकदा "आई गं" म्हणायची आणि उभी राहायची. मी शेजारी असलो तरी माझा हात धरायची नाही. म्हणायची, "तुमी हलतासा. त्यो हलत न्हाई."

गेल्याच्या आदल्या थंडीत ती गेली. तापाचं निमित्त झालं. दवाखान्यात नेताना ती गाडीत स्वतः बसली होती, एवढंच सांगतो. पुढचं लिहायचं नाही मला.

मी विट्याकडचा. शाळा चौथीपर्यंत. आमच्याकडची पोरं गलाईच्या धंद्यात देशभर गेली, म्हणजे सोनंचांदी वितळवून साफ करायचं काम. तसाच मीही मामाच्या मागनं जयपुरात आलो आणि जौहरी बाजारच्या मागच्या गल्लीत भट्टीपुढं म्हातारा झालो. आता भट्टी दुसऱ्याकडं आहे आणि मी मोकळा आहे. मोकळा म्हणजे कसा, तर सकाळी उठून कुणाला चहाला हाक मारावी ते कळत नाही असा मोकळा. ती गेल्यावर भाजी घरपोच यायला लागली. तरी मी रोज पिशवी घेऊन निघायचो, पारावर बसायचो आणि रिकामी पिशवी घेऊन परत यायचो. घरात कुणी विचारत नव्हतं. ते बरं होतं.

एक दिवस सूनबाईनं मोबाईल माझ्यापुढं धरला. सून इथलीच, जयपूरची. घरी बसून कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. मराठी सासूकडनं शिकली, त्यामुळं बोलते तशी, पण मधेच हिंदीत घसरते.

"पप्पाजी, हे बघा. आपला रस्ता स्मार्ट होतोय. लोकांना विचारतायत, कसा पाहिजे."

"मतलब काय होतोय?" मी म्हटलं. तिच्या नादानं मलाही मतलब लागलाय.

तिनं चित्र दाखवलं. रस्ता आमचाच, पण धुतल्यासारखा. एका कडेला गाड्या लावायची जागा, एका कडेला सायकलींचा पट्टा, वर नव्या तऱ्हेचे दिवे. माणसं काढली होती ती सगळी तरणी. कोणी सायकलवर, कोणी कानात वायरी घालून चाललेलं. बसलेलं एकही माणूस त्या चित्रात नव्हतं. कडुलिंब होता. त्याच्या बुडाला लोखंडी कडं आणि आत फुलझाडं.

"पार कुठाय?"

"नाहीये, पप्पाजी."

"आणि हापसा?"

तिनं नकाशा मोठा केला. हापशाच्या जागी तांबडी फुली होती आणि बाजूला हिंदीत लिहिलेलं. ते मी स्वतः वाचलं. अनुपयोगी. हटाना है.

मी टोपी घातली आणि वॉर्डाच्या ऑफिसात गेलो. तिथल्या खिडकीतल्या माणसाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, खोटं कशाला बोलू. मग म्हणाला, "बाऊजी, इथं सांगितलेलं इथंच राहतं. ऑनलाइन टाका. तिथं टाकलेलं वर जातं."

मी म्हटलं, "वर माझी बायको गेलीय. तुमचं वर म्हणजे नक्की कुठं, ते सांगा."

त्यानं कॉम्प्युटरचं तोंड माझ्याकडं फिरवलं आणि कुठं दाबायचं, कुठं लिहायचं ते दाखवलं. पद्धत अशी होती: नकाशावर आपली जागा दाबायची आणि काय पाहिजे ते लिहायचं. दुसऱ्या कुणाला पटलं तर त्यानं खाली अंगठा द्यायचा. ज्याला जास्त अंगठे, ते वर. आणि वरच्यांना इंजिनियर लोक उत्तर देणार. सगळ्यात वर दुकानदारांचं पार्किंग होतं. त्याच्याखाली कुणाला तरी सेल्फी पॉइंट पाहिजे होता.

संध्याकाळी मी सूनबाईला बसवलं. "लिही. पार पाडू नका. हापसा काढू नका. ज्यानं अनुपयोगी लिहिलं त्यानं एकदा दुखरे गुडघे घेऊन इथं बसावं आणि उठून दाखवावं."

"थोडं नरम करू का, पप्पाजी?"

"नरम भाकरी असती. हे आहे तसं लिही."

तिनं लिहिलं. वाचून दाखवलं तर शेवटी कृपया होतं.

"हे कृपया कुठनं आलं?"

"ते आपोआप येतं," ती म्हणाली, आणि मान खाली घालून हसली.

आमच्या पारावर तिचा एक अंगठा आला. माझ्या मुलानं ऑफिसातनं एक दिला. मग काही येईना. आठवडा गेला, सेल्फी पॉइंट आमच्या डोक्यावर बसूनच होता. तेव्हा मी ठरवलं, आपणच गोळा करायचे. पारावर बसणाऱ्या बायका होत्याच की. माझी बायको त्यांच्यातच बसायची, तेव्हा मला सगळ्या ओळखत होत्या. त्यांच्या घरी जायचं, त्यांचा नंबर माझ्या मोबाईलात घालायचा, त्यांच्या फोनवर ओटीपी येतो तो विचारून घ्यायचा, झालं. सूनबाईला कंपनीची मीटिंग होती, म्हणून तिला न विचारताच निघालो. पांढरी टोपी, मफलर, हातात मोबाईल.

पहिल्या घरी मास्तरीणबाई होत्या, शाळेतनं रिटायर. त्यांनी दिला. दुसऱ्या घरी म्हातारी झोपली होती आणि नवी सून दारात आली. मी म्हटलं, "बेटा, सासूबाईंच्या मोबाईलवर एक नंबर येईल, तेवढा वाचून सांग." तिनं माझ्या तोंडावर दार लावलं. आतनं कडीसुद्धा घातली.

तिसरं घर बँकेतनं रिटायर झालेल्या साहेबांचं. त्यांची बायको पारावर यायची, पण हे माझ्याशी कधी बोललेले नव्हते. जाळीच्या दाराआडनं त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ओटीपी? इस उमर में? शर्म नहीं आती?" आणि खिशातनं मोबाईल काढून माझा फोटो घेतला.

मी म्हटलं, "नीट काढा. टोपी आली पाहिजे."

घरी पोचेपर्यंत माझा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर पोचला होता. खाली लिहिलं होतं, सावधान, हा म्हातारा घरोघर ओटीपी मागत फिरतोय, चौकीदाराला कळवा. सूनबाई मीटिंगमधे बसली होती आणि तिच्या हातातल्या मोबाईलवर स्वतःचा सासरा आला. मी दारातनं आत आलो तर ती कॉम्प्युटर झाकून हसत होती. डोळ्यातनं पाणी येईस्तोवर. "पप्पाजी, सगळी दुनिया सांगते ओटीपी कुणाला देऊ नका, आणि तुम्ही दारोदार..." पुढं बोलताच येईना तिला. तिची सासू गेल्यापासनं आमच्या घरात असं कुणी हसलं नव्हतं. मला राग यायला पाहिजे होता. आला नाही.

तिनं ग्रुपवर लिहिलं, हे माझे सासरे आहेत. संध्याकाळी बँकवाले साहेब प्याजकचोऱ्यांचा पुडा घेऊन हजर.

"माफ करना, बाऊजी. जमाना खराब है."

"जमाना राहू द्या. अंगठा दाबा."

"पण मी तर पार्किंगला दाबलाय."

"दोन्हीकडं दाबता येतो का गं?" मी सुनेला विचारलं. येत होता. साहेबांनी तिथंच, कचोरी खाता खाता, दाबला.

पण एक कळलं. दारात जाऊन मागायची ही वस्तू नाही. माणसानं आपल्या हातानं दाबली पाहिजे, आणि चार ओळखीच्या माणसांत बसून दाबली पाहिजे. मग भीती वाटत नाही.

थंडीत जयपूरच्या मंडीत मटारचे ढीग लागतात. माझी बायको दर वर्षी एक पोतं घ्यायची, पारावर ओतायची आणि गल्लीतल्या बायकांना हाक मारायची. उन्हात बसून सगळ्या सोलायच्या. जाताना ज्या त्या बाईनं आपला वाटा पदरात न्यायचा, फ्रिजमधे ठेवायला. ती गेल्यापासनं कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. मला वाटतं, त्या माझ्या तोंडाकडं बघून थांबल्या होत्या.

मी पोतं घेतलं. हातगाडीवाल्याकडनं पारावर टाकलं आणि घरोघर सांगत गेलो, "मटार आलेत. सोलायला या. येताना मोबाईल आणा." यावेळी कुणी दार लावलं नाही.

सूनबाईनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पारावर मधोमध बसली. एकीचं झालं की दुसरी. पहिली अडचण ही, की बहुतेकींचे नंबर पोरांच्या नावावर. ओटीपी जायचा गुडगावला नाहीतर बंगलोरला. एका म्हातारीनं मुलाला फोन लावला. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून फोन मोठ्यानं.

"बेटा, तुझ्या मोबाईलवर नंबर आला असेल, तो सांग."

"मम्मी! ओटीपी किसी को मत देना!"

"किसी को कहाँ दे रही हूँ? तू मुझे दे. मैं तेरी माँ हूँ."

"आधी सांग, शेजारी कोण बसलंय?"

"मटार बसलेत," म्हातारी म्हणाली. पारावर एकच हशा.

एका घरातल्या दोघी जावा होत्या, दोघींत मिळून एक फोन. एका नंबराला एकच अंगठा, असं सूनबाईनं सांगितल्यावर दोघी जुंपल्या. मोठी म्हणाली, "मैं जेठानी हूँ, अंगठा माझा." धाकटी म्हणाली, "फोन माझ्या लेकानं दिलाय." शेंगा हातातच राहिल्या. शेवटी दोघींनी एकावर एक बोट ठेवून दाबला, आणि वर मोठीनं धाकटीला बजावलं, माझं बोट खाली होतं, म्हणजे लागला तो माझा.

एकीनं हळूच विचारलं, "नाव दिसेल का? घरी चालणार नाही." नाव दिसत नव्हतं, नुसता आकडा वाढत होता. मग तिनंही दिला.

शेंगा संपल्या तेव्हा ऊन कडुलिंबाच्या पलीकडं गेलं होतं. आमचा पार सेल्फी पॉइंटच्या वर चढला होता. पार्किंग अजून वरच होतं. बायका एकेक करून हापशावर हात टेकून उठल्या. माझ्या वाट्याचे मटार कुणीतरी आमच्या घरच्या डब्यात भरून ठेवले होते. डबा बायकोचा होता.

काही दिवसांनी उत्तर आलं. सूनबाईनं वाचून दाखवलं: आपली सूचना मिळाली. चबूतरा ठेवला जाईल. हातपंप अनुपयोगी असल्यानं काढला जाईल.

कॉलनीत आनंद झाला. मुलगा म्हणाला, "आबा, पार मिळाला की. आता बास करा."

"पारावर बसतील. उठतील कशा?"

"लोक उठतात हो कसंतरी."

"कसंतरी उठणाऱ्यांतली नव्हती तुझी आई," मी म्हटलं. "तिला धरायला पाहिजे होतं. ते काढू देत नाही मी."

मग त्यानंच सांगितलं, फोटो जोडता येतो. बायका उठतानाचे फोटो टाका, म्हणजे समजेल त्यांना.

बायकांना विचारलं तर सगळ्यांनी पदर पुढं ओढला. "बाऊजी, मुँह नहीं. इंटरनेटवर तोंड नको."

"तोंड कुणाला पाहिजे? हात द्या."

हाताला कुणाची ना नव्हती. सूनबाईनं एकेकीचा हात हापशावर टेकलेला असा फोटो काढला. लाखेच्या बांगड्यांचे हात. एका हातावर गोंदण. एकीची मेंदी अजून गेली नव्हती, नातवाच्या लग्नातली. एकीची बोटं वाकडी झालेली, तरी मूठ घट्ट. ते फोटो बघताना माझ्या ध्यानात आलं, सगळा हापसा तांबूस गंजलेला आहे, पण वरच्या काठाला तळहाताएवढी जागा चकचकीत आहे. जुनं नाणं झिजतं तशी. इतकी वर्षं मी शेजारी बसत होतो, आणि बघत होतो तिच्याकडं. हापशाकडं बघितलंच नव्हतं.

सूनबाई म्हणाली, "पप्पाजी, मम्मीजींचा पण आहे."

"काय?"

"फोटो. मागच्या वर्षीच्या मटारच्या वेळचा."

तिनं दाखवला. बायको अर्धी उठलेली, अर्धी बसलेली. तोंड वाकडं केलंय, फोटो काय काढतेस म्हणून. मांडीवरनं शेंगांची टरफलं गळतायत. उजवा हात हापशावर. पाटल्यांच्या मधे हिरवा चुडा. इथं राहून तिनं सगळं इथलं केलं, पण चुडा हिरवाच भरायची.

मी म्हटलं, "नाही टाकायचा. तिचा चेहरा सरकारी कामात नको."

आणि पिशवी घेऊन बाहेर पडलो. पारावर थांबलो नाही. सरळ मंडीत गेलो, भोपळा घेतला. मला भोपळा आवडत नाही, तिला आवडायचा. तो हातात घेऊन परत आलो आणि सूनबाईला म्हटलं, "चेहरा काप. हात ठेव."

तिनं बोटानं फोटो सरकवला, कापला. हात राहिला, हापसा राहिला, दोन टरफलं राहिली.

"खाली काय लिहू?"

"लिही, ही बाई आता नाही. बाकीच्या आहेत."

तिनं लिहिलं.

"कृपया घालू नको."

"नाही घातलं," ती म्हणाली.

पुढं बरेच दिवस काही नाही. मी रोज विचारायचो, ती रोज बघायची, नाही म्हणायची. मग एका सकाळी डोक्यावर पिवळी टोपी घातलेली एक मुलगी पाराजवळ उभी दिसली, हातात मोबाईल, त्यात आमच्या हातांचे फोटो. इंजिनियर होती. ती पारावर बसली आणि टुणकन उठली.

मी म्हटलं, "असं नाही. गुडघे दुखतायत असं धर, आणि मग ऊठ."

तिनं माझ्याकडं बघितलं. हसली नाही. परत बसली. यावेळी पाय आखडून, सावकाश. उठताना तिचा हात आपोआप बाजूला गेला आणि हापशावर पडला. बरोबर त्या चकचकीत जागेवर.

"अच्छा," ती म्हणाली. एवढंच. मी कोण, फोटो कुणाचे, काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात नकाशावरची फुली गेली. खाली एक ओळ आली, हातपंप यथावत ठेवला जाईल.

आता रस्ता झालाय. पार्किंग झालं. सायकलचा पट्टा झाला, त्यावर भाजीच्या गाड्या लागतात, सायकल मी अजून बघितली नाही. पार आहे, फुटलेले दगड बदललेत. आणि हापसा आहे. पण काम संपलं त्या दिवशी मी गेलो तर रंगारी हापशाला हिरवा ऑइलपेंट मारत होता. गंज, चकाकी, सगळं एका हातात झाकून टाकलं त्यानं.

"कुणी सांगितलं तुला?" मी ओरडलो.

"आदेश है, बाऊजी. सब सुंदर दिखना चाहिए."

त्याची काय चूक. रंग वाळेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, येईल त्या बाईला सांगत, हात लावू नका, ओला आहे. एक बाई माझ्या हाताला धरून उठली. सूनबाई म्हणाली, "पप्पाजी, पोर्टलवर टाकू? पॉलिशकागदानं काढून देतील."

"नको," मी म्हटलं. "हे ज्याचं त्यानं करायचं काम आहे."

मी रोज संध्याकाळी जातो. बसतो. माझे गुडघे अजून बरे आहेत, उठायला मला धरावं लागत नाही. तरी मी उजवा हात टेकतो. काठाला, मंडीच्या बाजूला, तिचा हात जिथं पडायचा तिथं. बायकाही टेकतात. परवा तिथला रंग जरासा निघालेला दिसला, नखाएवढा. खालचं लोखंड दिसायला लागलंय.